पाण्यात किती जणी

६ सप्टेंबर

ताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहितात, पण माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. जरा वाकले असं समज.

फोन तू उचलत नाहीस. तुझा लेक उचलतो आणि "आई झोपली आहे" म्हणतो. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही झोपलेलीच. एवढी झोप तुला असती तर इतकी वर्षं दर रविवारी उजाडता उजाडता आम्हाला त्या खाणीच्या गार पाण्यात ढकललं नसतंस. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. मार्चमधल्या बैठकीत तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तू बोल. ही जागा बायकांची आहे की नाही?" मास्तरीण म्हणाली, "शिंपीण बाईच आहे, म्हणून तर ती आली आहे." आणि मी म्हटलं, "दोघींचंही बरोबर आहे." तू तशीच उठलीस. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या फटीतून खाणीच्या फाटकाच्या किल्ल्यांचा जुडगा आत पडला, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना मी नेहमी रेघेवर उभी राहून बाद व्हायचे. तुला ते तेव्हाही आवडायचं नाही.

पण तू निघून गेलीस आणि ती राहिली, तेव्हा तिच्याबद्दल तुला चार गोष्टी कळायला हव्यात. माझा हिरवा कोट आठवतो? पोत्यासारखा लोंबायचा. तिनं तो उसवला, खांदे उतरवले, कंबरेत घेतला. माप घेताना तोंडात टाचण्या धरूनच तिनं मला सांगितलं होतं की पूर्वी ती पुरुष म्हणून जगत होती. "पोहायला येईन," म्हणाली, "पण आधी तुमच्या मैत्रिणींना सांगा. मला मागाहून तमाशा नको." इतकं सरळ बोलणारं माणूस आपल्या घरात तरी कुणी आहे का?

तू गेल्यावर मास्तरणीनं तुझ्या गोलात भर घातली. उतरण्याआधी पायऱ्यांवर गोल करून प्रत्येकीनं आपली खूण मोठ्यानं सांगायची, म्हणजे कोण कोण आलंय ते सगळ्यांच्या कानावर पडतं, हे तुझं. आता खुणेबरोबर आपल्याला 'ती' म्हणायचं, 'तो' म्हणायचं की आणखी काही, तेही सांगायचं. मास्तरीण गणित शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं मांडलेली लागते. मी म्हटलं, "चष्मा. ती." संपलं. टपालवाली म्हणाली, "मला 'अहो' म्हणा. चाळीस वर्षांच्या संसारात कुणी म्हटलं नाही." आम्ही हसून हसून पडायच्या बाकी होतो.

मग नर्सची पाळी आली. ती म्हणाली, "मी सांगणार नाही. माझ्याकडे बघून कळत नसेल तर चष्मेवालीकडे नंबर तपासून घ्या." पुन्हा हसू आलं, पण निम्म्यातच थांबलं. शेवटी शिंपीण होती. "मला अजून खूण नाही," ती म्हणाली. "शिंपीण म्हणा. आणि ती." तेव्हा पाणी इतकं शांत होतं की तिचा आवाज समोरच्या दगडी भिंतीवर आपटून परत आला. नर्सनं टॉवेल उचलला आणि ती न पोहता घरी गेली.

उत्तर लिही. दोन ओळी लिही.

तुझी धाकटी

२७ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. तुझ्या लेकानं पत्र मिळाल्याचं सांगितलं. आई झोपेत वाचते का, असं मी त्याला विचारलं, तर हसला बिचारा.

एक चांगली बातमी आहे. भांडण मिटवलं, आणि ते मी मिटवलं. दर रविवारी गोलाची वेळ आली की तेच. मास्तरीण नर्सकडे बघायची, नर्स पाण्याकडे, शिंपीण स्वतःच्या पायांकडे. एकदा तर नर्स मुद्दाम उशिरा आली, म्हणून मास्तरणीनं गोल तिच्यासाठी थांबवून धरला आणि आम्ही सगळ्या पोहण्याच्या कपड्यांत काकडत उभ्या. टपालवाली म्हणाली, "मला काहीही म्हणा गं, पण आता पाण्यात ढकला."

तेव्हा मी सुचवलं की गोलच नको. जिला जेव्हा यायचं तेव्हा तिनं यावं, गुपचूप उतरावं, गुपचूप निघावं. कुणाला काही सांगायला नको, कुणाला काही ऐकायला नको. दोन्हीकडच्या कबूल झाल्या. मास्तरीण जरा कुरकुरली, पण तीही थकली होती.

आता रविवार कसा शांत जातो म्हणून सांगू. इतका शांत, की परवा मी पोहून वर आले तरी टपालवाली आली होती हेच मला कळलं नव्हतं. फळीवर तिचा बिल्ला पाहिला तेव्हा कळलं. फळी मात्र चोख आहे हो तुझी. प्रत्येकीच्या खुणेचे पितळी बिल्ले मी दर महिन्याला घासते. 'काठ' लिहिलेल्या बाजूला टांगलेले, उतरताना 'पाणी' लिहिलेल्या बाजूला सरकवायचे, वर आलं की परत. तुझा शिटीची खूण असलेला बिल्लाही घासते. तो काठावरच असतो.

फळीवर राखणीला जी बसेल ती शेवटी मोठ्यानं विचारते, "पाण्यात किती जणी?" आणि पाण्याची बाजू रिकामी असली की काठावरच्या सगळ्या ओरडतात, "कुणी नाही!" मग पायऱ्यांपासून मधल्या तरंगत्या पिंपापर्यंतचा दोर ओढून घ्यायचा. सगळं तू घालून दिलंस तसंच चाललंय.

तुझी धाकटी

१८ ऑक्टोबर

ताई,

थंडी पडू लागली. पाणी काळं दिसायला लागलं की मला यंदा बरं वाटत नाही, का ते विचारू नकोस. पूर्वी असं व्हायचं नाही. समोरच्या भिंतीवरच्या लोखंडी शिडीच्या खालच्या पायऱ्या गंजून पडल्या. म्हणजे आता चारी बाजूंनी सरळ तासलेला दगड, आणि वर यायला फक्त आपल्या पायऱ्या. दोर धरून मधल्या पिंपापर्यंत जायचं आणि दोर धरूनच परत यायचं, असं मी सगळ्यांना पुन्हा बजावलं.

आता नर्सचं ऐक. तिच्याबद्दल मास्तरणीनं नाही नाही ते बोलून ठेवलंय, पण ती वाईट बाई नाही. ती माझ्या दुकानात आली, चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून. काडी अजिबात सैल नव्हती. म्हणाली, "माझ्या लग्नात काय काय झालं ते तुमच्या ताईंना माहीत आहे. सहा महिने मी आपल्या कपडे बदलायच्या खोलीत अंगावरचा टॉवेल सोडला नव्हता. मग एक दिवस सोडला. आता पुन्हा नाही सोडवत. शिंपिणीनं माझं काही वाकडं केलेलं नाही, ते मला कळतं. पण अंगाला कसं समजावू?" आणि रडली. मी तिला पाणी दिलं. मला तिचं खरं वाटलं, ताई.

मग संध्याकाळी कोटाचं बटण लावून घ्यायला मी शिंपिणीकडे गेले. ती म्हणाली, "मी कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करून उभी राहते. भिंतीला पाठ आहेत मला सगळ्या भेगा. आणखी काय करू ते सांगा, करते." मला तिचंही खरं वाटलं.

हे असं दोन्ही खरं वाटणं म्हणजे शाप आहे बघ. तू म्हणशील दोन डगरींवर पाय. म्हण. पण तोडगा मीच काढला. मागच्या बाजूला पंपाची जुनी खोली आहे ना, तिथे मी एक खुंटी ठोकली, आरसा लावला, दाराला कडी बसवली. शिंपीण तिथे कपडे बदलते. ती म्हणाली, "छान आहे. शिवणाच्या दुकानापेक्षा मोठी आहे." ती थट्टा होती की काय होतं, मला कळलं नाही. नर्स परत पोहायला लागली. मास्तरीण माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही, मग बोलायला लागली.

पंपाच्या खोलीत उजेड कमी आहे. तिथे काय आहे आणि काय नाही, ते काठावरून दिसत नाही. पण त्यासाठीच तर ती दिली.

तुझी धाकटी

८ नोव्हेंबर

ताई,

आता एकच घोंगडं भिजत पडलंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला उचलता यायचं नाही. बिल्ला.

शिंपिणीला खूण हवी आहे. कात्री. तिनं स्वतः मागितली नाही, मास्तरणीनं मागितली. किल्ल्या बनवणाऱ्याकडून बिल्ला करूनही आणला आणि बैठकीत टेबलावर ठेवला. नर्स म्हणाली, "पोहू द्या, माझी हरकत नाही. पण फळीवर बिल्ला म्हणजे ती आपल्यातली झाली. ते ठरवायचं तर जिनं फळी लावली तिला विचारून ठरवा." टपालवालीसुद्धा म्हणाली की थोरलीला विचारावं. मास्तरीण म्हणाली, "थोरली सोडून गेली, तिला कसलं विचारायचं?" मग कोण काय म्हणालं ते मी लिहीत नाही. शब्दानं शब्द वाढला आणि शिंपीण मध्येच उठून म्हणाली, "माझ्यामुळे भांडू नका, मी येत नाही." तिला मीच थांबवलं.

मी म्हटलं, ताईचं उत्तर येईपर्यंत ती माझी पाहुणी. पाहुणीला बिल्ला नसतो, ती जिच्याबरोबर आली तिच्याच बिल्ल्यावर पोहते, हा तुझाच नियम आहे. माझा चष्मा पाण्याच्या बाजूला असेल तर दोघी पाण्यात, काठाच्या बाजूला असेल तर दोघी काठावर. कात्रीचा बिल्ला मी माझ्या खणात ठेवला. सगळ्या खूश. शिंपीण म्हणाली, "एका तिकिटावर दोघी," आणि हसली.

तेव्हा ये. या महिन्याच्या शेवटी वर्षाचं शेवटचं पोहणं आहे, मग थंडीभर बंद. तू ये, फळीवर बस, आणि काय ते सांगून टाक. हो म्हण नाहीतर नाही म्हण. तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याशी भांडणार नाही. खरं सांगायचं तर बिल्ल्यापेक्षा मला तू हवी आहेस. तुझ्याशिवाय रविवार म्हणजे नुसतं गार पाणी.

तुझी धाकटी

१९ नोव्हेंबर

ताई, ताई, ताई!

तुझं कार्ड आलं. "येते. फळीवर मी बसेन. शिंपिणीबद्दल पोहणं झाल्यावर बोलू." तीन वाक्यं, पण मी ती दुकानातल्या आरशाला लावून ठेवली आहेत. गिऱ्हाईक चष्मा घालून बघतं तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडाशेजारी तुझं अक्षर दिसतं.

सगळ्यांना सांगितलं. नर्सनं खोली झाडली. मास्तरणीनं भाषण तयार केलंय, तिला मी ते खिशातच ठेवायला सांगितलं. शिंपीण म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. ती म्हणाली, "मग त्या दिवशी मी एकदा एकटीनं पिंपाला हात लावून येईन. शेवटचं असेल तर नीट पोहून घेते."

येताना जाड मोजे आण. यंदा सकाळी धुकं फार पडतंय. पायऱ्यांवरून पिंप दिसत नाही.

तुझी धाकटी

२ डिसेंबर

ताई,

तुझं रागाचं पत्र पोचलं. "आठ महिन्यांनी बहीण समोर बसली, एक साधा प्रश्न विचारला, आणि तू कप तसाच टाकून पळालीस. मला तिथेच बसवून ठेवलंस. पुन्हा लिहू नकोस."

मला अचानक बरं वाटेनासं झालं होतं, म्हणून उठले. थंडी बाधली असेल. तुझा अपमान करायचा माझ्या मनातही नव्हतं. आता बरी आहे. बाकी सगळं ठीक आहे. बिल्ल्याचं पुढच्या वर्षी बघू.

तुझी धाकटी

१४ डिसेंबर

ताई,

मागच्या पत्रातली एकही ओळ खरी नव्हती. आता खरं लिहिते. उभी असशील तर बस.

त्या रविवारी धुकं किती होतं ते तू पाहिलंस. तू फळीजवळ खुर्ची टाकून बसलीस, गळ्यात शिटी. आम्ही आपापल्या वेळी गुपचूप आलो आणि उतरलो, कारण गोल नव्हता. शिंपीण पंपाच्या खोलीतून मागच्या वाटेनं थेट पायऱ्यांवर आली, म्हणून ती तुला दिसलीच नाही. मी माझा बिल्ला सरकवला तेव्हा तू फक्त मला पाहिलंस. तुझ्याकडे बघून मी हात केला आणि तू मान हलवलीस. मला तेवढंच पुरलं होतं.

दोरावर आम्ही दोघी बरोबर होतो. अर्ध्या वाटेत माझ्या पोटरीत गोळा आला. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी पिंपाला हात लावून आलेच." मी दोर धरून परत आले. पाय ओढत, दात वाजत वर आले, आणि हातानं आपला सवयीनं बिल्ला उचलला आणि काठाच्या बाजूला टांगला. इतकी वर्षं वर आलं की हात तेच करतो. एका तिकिटावर दोघी होतो, हे हाताला कुठून ठाऊक?

तुला सांगायला मी तोंड उघडलंच होतं, ताई. 'ती अजून आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण तू उठलीस, माझा हिरवा कोट माझ्या खांद्यांवर घातलास, दोन्ही हातांनी गळ्याशी मिटलास आणि म्हणालीस, "किती वाळलीस गं. चल, चहा घेऊ." आठ महिन्यांनी तू माझ्या अंगाला हात लावलास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोक्यातलं सगळं वाहून गेलं. मी खोटं लिहीत नाही, मला ती आठवलीच नाही. त्या वेळी जगात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी कपडे घालून आले, मग तू फळीकडे पाहिलंस. पाण्याची बाजू रिकामी. कपड्यांच्या खोलीत डोकावलीस, खुंट्या रिकाम्या. तू नीट केलंस सगळं, तुझ्या नियमानं. धुक्याकडे तोंड करून ओरडलीस, "पाण्यात किती जणी?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "कुणी नाही!" माझाही आवाज त्यात होता. मोठ्यानं होता, कारण मी आनंदात होते.

तू एक टोक सोडलंस आणि दोर ओढलास. पिंपाच्या कडीतून तो सरसर निघाला तो आवाज आठवतो तुला? ती कडी तिच्या हातात होती.

पुढचं तिनं मला दवाखान्यात सांगितलं. दोर हातातून निसटला तेव्हा तिला वाटलं, आम्ही थट्टा करतोय. मग आमचं "कुणी नाही" ऐकू आलं होतं ते तिला आठवलं. ती ओरडत होती, पण आम्ही सगळ्या बोलत, हसत वर चढत होतो. पायऱ्या कुठल्या दिशेला, ते धुक्यात कळेना. एकदा पोहून गेली तर हाताला दगडाची भिंत लागली. कशीबशी पिंपाकडे परत आली आणि साखळीत हात अडकवून लटकून राहिली. मी विचारलं, तेव्हा तुला काय वाटलं? म्हणाली, "मला वाटलं, बैठक झाली. तुमच्या ताईंनी नाही म्हटलं."

इकडे आपण फाटकाजवळच्या टपरीत समोरासमोर बसलो होतो. तू गुडघ्याचं सांगत होतीस, मी सुनेचं विचारत होते. मग तू माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून म्हणालीस, "छान बसलाय अंगावर. कुणाकडून करून घेतलास?"

तो तुझा साधा प्रश्न. म्हणून मी कप टाकून पळाले.

किल्ल्या माझ्याकडे होत्या. पंपाच्या खोलीचं दार ढकललं तर खुंटीवर तिचे कपडे, खाली जोडे, एकाशेजारी एक नीट ठेवलेले. मी पायऱ्यांवर गेले. काही दिसत नव्हतं, ताई, नुसतं पांढरं. तोंडातून दुसरं काही निघेना. नाव घ्यायचं सुचलं नाही. मी तेच ओरडले, "पाण्यात किती जणी?" काही नाही. पुन्हा ओरडले. मग फार लांबून आवाज आला. आधी मला तो पक्ष्याचा वाटला.

"एकटीच."

मी दोर पायरीच्या कडीला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि त्या आवाजावर पोहत गेले. विचारत गेले, ती सांगत गेली. किती जणी, एकटीच, किती जणी, एकटीच. शेवटी शेवटी ती उत्तर देईनाशी झाली होती. टपरीवाला मला पळताना बघून मागून आला होता, त्यानं दोर ओढला आणि गाडी बोलावली.

ती जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला वाटलं तूही जरा वाट बघावीस. उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाही, अंगठ्याशेजारच्या दोन. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. ती सुई धरून बघते. सुई पडते. पडल्याचं तिला आवाजावरूनसुद्धा कळत नाही, सुईला कुठला आवाज?

मी सगळ्यांना सांगितलं. तुला वाटेल मास्तरीण पेटून उठली असेल. ती म्हणाली, "हे बाहेर गेलं तर गट बंद होईल. आणि पिंपापर्यंत ती स्वतःहून गेली होती." टपालवाली खाली बघत बसली. अळीमिळी गुपचिळी. नर्स मात्र कुणाशी न बोलता दवाखान्यात गेली आणि दुपारभर तिची बोटं चोळत बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "खोलीत मला अजूनही जमणार नाही, खोटं कशाला बोलू? पण ती पाण्यात होती आणि फळीला ते माहीत नव्हतं. हे मी मागितलं नव्हतं." मागितलं नव्हतंच. कुणीच मागितलं नव्हतं. गोल मी बंद केला, खोली मी दिली, बिल्ला मी खणात ठेवला. प्रत्येक वेळी कुणाचं मन दुखू नये म्हणून. शाबासकीसाठी तुला कळवतही होते.

शिंपीण म्हणते, थोरल्या बाईंना सांगू नका. "सांगितलंत तर म्हणतील, हिला घेतलं म्हणून हे झालं." मी तिचं ऐकत नाहीये. आता मला रेघेवर उभं राहायचं नाही. तू विचारलं होतंस ना, तू बोल म्हणून? बोलते. ती आपल्यातली आहे. नर्सला आडोसा हवा, तो मी पंपाच्या खोलीत नर्सला करून देईन, तिनंच तसं सुचवलं. पण गोल होईल, आणि गोलात शिंपिणीचा आवाज होईल. तिला यायचं असेल तर. ती येईल की नाही ते तिनं सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी एकटी खाणीवर गेले होते. कात्रीचा बिल्ला टांगला, काठाच्या बाजूला. मग तुझा शिटीचा बिल्ला काढला आणि पाण्याच्या बाजूला टांगला.

डोळ्यांवर नाही, फळीवर विश्वास ठेवायचा, हे तूच शिकवलंस. खाणीच्या आधी तू शिटी घेऊन बसायचीस त्या जुन्या तलावावर डोळ्यांनी माणसं मोजण्यात एकदा चूक झाली होती, आणि त्याचं पुढे काय झालं ते तू मला कधी पूर्ण सांगितलं नाहीस. मी विचारणार नाही. पण फळी सांगते की तू पाण्यात आहेस. मी दोर पुन्हा पिंपाच्या कडीतून ओवला आणि पक्का बांधला. फाटकाला टाळं लावलं नाही. बिल्ला जिचा तिनंच सरकवायचा असतो, दुसरीनं हात लावायचा नाही, हाही तुझाच नियम. मी तो एकदा मोडला; परत सरकवायला मात्र तुलाच यावं लागेल.

तेव्हा ये, ताई. आधी दवाखान्यात जा, मग खाणीवर. तोवर मी रोज पायऱ्यांवर उभी राहून विचारते, पाण्यात किती जणी. आणि तुझ्या वतीनं उत्तरही मीच देते, "एकटीच."

तुझी धाकटी